बेटावरची मिस

मालदीव म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे काय उभं राहतं ते मला आता पाठ झालंय: निळंशार पाणी, पाण्यावरच्या लाकडी खोल्या आणि एकमेकांच्या गळ्यात पडलेलं नवं जोडपं. सुट्टीत सांगलीकडच्या आटपाडीला गेले की बाजारात भेटणाऱ्या बायका हमखास म्हणतात, "मज्जा आहे बाई तुमची." मी "हो ना" म्हणते आणि पिशवी सावरते. सगळं सांगत बसलं तर मेथी सुकेल.

म्हणून ते सगळं इथे.

मी राहते ते बेट मालदीवच्या उत्तर टोकाकडे, 'हा धालू' नावाच्या अटॉलमध्ये, म्हणजे बेटांच्या कड्यात, आहे. नाव देत नाही, कारण बेट इतकं लहान की नाव दिलं तर मी कोण हे विचारायची कुणाला गरजच पडणार नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत रमतगमत चालत गेलं तरी पाव तास पुरे. देशात जवळपास बाराशे बेटं, त्यांतल्या दोनशेहूनही कमी बेटांवर वस्ती. रिसॉर्ट असतात ती बेटं बहुतेक वेगळीच, तिथे गाव नसतं. आमच्या बेटावर गाव आहे, मशीद आहे, शाळा आहे, आरोग्य केंद्र आहे, पॉवर हाउस आहे आणि एकही पर्यटक नाही. इथे बीचवर फिरणारी परदेशी बाई म्हणजे मीच, तीही पंजाबी ड्रेसवर ओढणी घेऊन.

इथे यायचं कारण सरळ आहे: पगार. मी महाराष्ट्रात विनाअनुदानित ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवत होते. ज्यांच्या घरात असा शिक्षक आहे त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांच्या नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पूर्वी अशा शाळा-कॉलेजांना 'कायम विनाअनुदानित' म्हणत. पुढे त्यातला 'कायम' शब्द शासनाने काढला, तेव्हा आम्ही पेढे वाटले. २०१६ मध्ये काही शाळांना वीस टक्के अनुदानाचा टप्पा मिळाला. आमची तुकडी कधी यादीत यायची, कधी त्रुटीत अडकायची. आझाद मैदानावर सतरंजी टाकून बसलेल्यांत मीही होते. एम.एस्सी., बी.एड., अनुभव दांडगा आणि हातात पडेल ते संस्थेच्या मर्जीनं. आमच्या ह्यांची डाळिंबाची बाग आहे, पण तेल्या रोग पडला की बाग काय देते ते डाळिंबवाल्यांना विचारा. त्यात पोरगा पुण्यात इंजिनीअरिंगला लागला. मालदीवच्या सरकारी शाळांत भारतातले शिक्षक पूर्वीपासून घेतात. केरळ-तमिळनाडूतून तर इतके येतात की तिकडच्या गावागावांत कुणी ना कुणी इथे राहून गेलेलं सापडतं. मराठी माणसं कमी. मी अर्ज केला, ऑनलाइन मुलाखत झाली, मग प्रमाणपत्रांवर शिक्के, पोलिसांचा दाखला, रक्ततपासणी, छातीचा एक्स-रे. २०२३ मध्ये वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा समुद्राच्या काठावर राहायला आले. तोवर समुद्र पाहिला होता तो गणपतीपुळ्याला, कॉलेजच्या सहलीबरोबर, पोरं मोजता मोजता.

सासूबाई निघताना म्हणाल्या, "तिथं पाणी तरी मुबलक असंल." टँकरच्या मागे घागरी घेऊन पळालेल्या माणसाचं समुद्राबद्दलचं पहिलं मत हेच असणार.

पाण्याचं सांगते. बेटाच्या वाळूखाली गोड्या पाण्याचा पातळ थर असतो, पावसाचं पाणी मुरून साठलेला, खाऱ्या पाण्यावर तरंगणारा. जास्त उपसा केला की खारं वर येतं. २००४ च्या त्सुनामीत समुद्र बेटांवरून आरपार गेला तेव्हा अनेक ठिकाणच्या विहिरी खाऱ्या झाल्या. त्यानंतर घरोघरी प्लास्टिकच्या मोठ्या टाक्या आल्या, पत्र्यावरचं पावसाचं पाणी पन्हाळीतून थेट टाकीत. माझ्या खोलीमागे अशी एक टाकी आहे, आणि तिची पातळी बघायला मी रोज सकाळी बोटाच्या पेराने तिच्या अंगावर टकटक करते. कुठपर्यंत पोकळ वाजतं ते ऐकायचं. आटपाडीत हेच करत होते. टेंभू योजनेचं पाणी आमच्या तालुक्यात पोचायला किती वर्षं लागली ते सगळ्यांना ठाऊक आहे. इथेही आता समुद्राचं पाणी गोडं करून नळाने देण्याच्या योजना बेटाबेटांवर झाल्यात. भारताच्या कर्जातून झालेल्या अठ्ठावीस बेटांवरच्या योजनांचं उद्घाटन २०२४ च्या ऑगस्टमध्ये झालं. तरी प्यायला लोक अजून पावसाचंच पाणी पसंत करतात. डाळ त्याच पाण्यात नीट शिजते, हे माझं मत.

माझी खोली एका घराच्या अंगणात आहे. घरमालकीण माझ्याहून थोडी मोठी. इथे मोठ्या बहिणीला दत्ता म्हणतात, म्हणून मीही तिला दत्ता म्हणते. दत्ता नावाचे माझे धाकटे दीर ट्रॅक्टर चालवतात. त्यांना हे अजून सांगितलेलं नाही. दत्ताला इंग्रजी येत नाही, मला इथली धिवेही भाषा येत नव्हती, पण हिंदीवर आमचं निभावतं. इथल्या बायकांनी वर्षानुवर्षं हिंदी मालिका पाहिल्यात. त्यामुळे दत्ताचं हिंदी अस्खलित आणि भयंकर आहे. अंगणातली बादली हरवली तर ती कमरेवर हात ठेवून म्हणते, "ये किसी की साज़िश है." मासळी उतरवून नवरा उशिरा आला तर, "मैं इस घर की बहू हूँ, नौकरानी नहीं." आणि दोघंही हसतात.

पहाट होते ती खराट्याच्या आवाजाने. नारळाच्या हिरांचा झाडू घेऊन बायका आपापल्या घरापुढची वाळूची वाट झाडतात, पडलेली पानं गोळा करतात. वाळूवर खराट्याच्या रेघा उमटतात, सकाळच्या शाळेला जाताना त्या मोडायला जिवावर येतं. रात्री मात्र चैन पडायला वेळ लागला, कारण इथे कुत्री नाहीत. या देशात कुत्रं आणायला बंदी आहे. ज्याने जन्मभर वस्तीवर कुत्र्यांच्या भुंकण्यात झोप काढली त्याला ही शांतता फार मोठ्याने ऐकू येते. शेवटी मी मोबाइलवर पंख्याचा आवाज लावून झोपायला लागले, वर खरा पंखा फिरत असताना.

खाणंपिणं सगळं बोटीवर. राजधानी मालेहून मालाची बोट निघते, रात्रभर चालते, आणि ती धक्क्याला लागली की हातगाड्या, मोटरसायकली, पोरं, सगळे तिकडे. तांदूळ, पीठ, साखर, अंडी, बटाटे, कांदे, बराचसा माल भारतातून येतो. दोन्ही देशांत १९८१ चा व्यापार करार आहे, त्याखाली दरवर्षी ठरावीक कोटा सुटतो. २०२३ च्या डिसेंबरात आपल्याकडे कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हाही या देशाला पुढच्या वर्षासाठी कोटा मिळाला. गोणीवर नाशिकचं नाव दिसलं की मी उगाचच दुकानातल्या पोराला दाखवते. तो बांगलादेशी आहे, त्याला नाशिक म्हणजे कांद्याच्या कंपनीचं नाव वाटतं. पालेभाजी मिळते ती बोट येईल त्या दिवशी, तीही सकाळी. दुपारी गेलात तर कोबी. नैऋत्येचा पाऊस लागला, समुद्र खवळला की बोट दोन-तीन दिवस मागे-पुढे होते आणि मग दुकानात कांदा, बटाटा, अंडी, टिनमधला टूना आणि कंडेन्स्ड मिल्क. ज्वारीचं पीठ मी येताना घेऊन येते, पण या दमट हवेत त्याला महिन्यात पोरकिडे होतात. आता ज्वारीच आणते आणि मिक्सरवर दळते. भाकरी फाटते, पण होते. कांदा-लसूण मसाला मात्र इथे सहा महिने टिकतो. तो कुठेही टिकतो.

मासा खायला मी इथे शिकले. आमच्याकडे मटण आठवड्याला, मासा म्हणजे तलावातला कधीतरी. इथे सकाळी न्याहारीला मस-हुनी: शिजवलेला टूना कुस्करून त्यात खोवलेलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू, हाताने चुरलेलं. त्याबरोबर रोशी, म्हणजे आपली चपातीच, जरा जाडसर. पहिल्यांदा मी नाकाला पदर लावण्याच्या बेतात होते, पण शेंगदाण्याची चटणी वर भुरभुरली आणि प्रश्न मिटला. दत्ताने ती चटणी चाखली तेव्हापासून माझा डबा निम्मा तिच्या घरी जातो. टूना इथे जाळ्याने धरत नाहीत. बोटीच्या मागच्या कडेला उभं राहून बांबूच्या काठीने, एकेक मासा ओढून मागे फेकतात. सगळ्या देशाची ही रीत आहे. दत्ताचा नवरा संध्याकाळी अंगणातल्या जोलीत, म्हणजे दोरीच्या जाळीच्या खुर्चीत, पडून असतो तेव्हा त्याचे खांदे बघावेत.

आता शाळा. आठवडा रविवारी सुरू होतो, शुक्रवार-शनिवार सुट्टी. मेंदूला हे लगेच कळतं, पोटाला नाही. रविवारी सकाळी माझं पोट अजून पोहे मागतं. शिकवायचं इंग्रजीतून, धिवेही आणि इस्लाम हे दोन विषय सोडून. दहावीला ब्रिटिश बोर्डाची परीक्षा. वर्गात वीस-बावीस मुलं. ज्युनिअर कॉलेजला ऐंशी-नव्वद मुलांपुढे ओरडून माझा घसा बसलेला, तेव्हा वीस मुलं म्हणजे मला आधी वाटलं बाकीची मैदानावर असतील. मुलं "मिस" म्हणतात. मला आजवर "मॅडम" किंवा नुसतं "ओ मॅडम" याची सवय.

पुस्तकं मात्र बाहेरच्या देशांसाठी लिहिलेली. गणितात आगगाड्या समोरासमोरून येतात, इथल्या मुलांनी गाडी पाहिलेली नसते. टेकडीवरून दगड घरंगळतो. इथे टेकडी नाही, सगळा देश समुद्रापासून सरासरी दीड मीटरच्या आत-बाहेर. उतरणीचा धडा मी बोट वाळूवर ओढून घेतात त्या जागी नेऊन शिकवला. ओंडके खाली घालून डझनभर माणसं दोर ओढत होती, घर्षण, बल, काम, सगळं समोर. मुख्याध्यापिका लांबून बघत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी फक्त विचारलं, "टोप्या घातल्या होत्या ना मुलांनी?"

पण मला सांगायचंय ते नदीच्या गणिताचं. सदिशांची, म्हणजे दिशा असलेल्या राशींची, बेरीज शिकवताना ठरलेलं उदाहरण असतं. नदी अमुक वेगाने वाहते, नाव काठाशी काटकोन करून तमुक वेगाने निघते, तर पलीकडे कुठे पोचेल? मी फळ्यावर दोन काठ काढले, बाण काढला. मागच्या बाकावरच्या मुलाने हात वर केला. "मिस, ही नदी उलटी कधी फिरते?" मी म्हटलं, नदी उलटी फिरत नाही. वर्गात कुजबुज. या देशात नदी नाही. पाणी वाहतं ते दोन बेटांमधल्या खोल वाटेतून, आणि ते भरती-ओहोटीबरोबर दिशा बदलतं. एकाच दिशेला वर्षभर वाहत राहणारं पाणी त्यांना पटेना. एकीने विचारलं, "मग ते संपत कसं नाही?" उजनी, कोयना, सह्याद्री, पाऊस, सगळं सांगावं लागलं. तास संपला.

पुढच्या तासाला मी काठ पुसले आणि शेजारचं बेट काढलं, मधली वाट, प्रवाह. तोच मुलगा उठला, खडू घेतला आणि माझ्या नावेचं तोंड तिरकं केलं, प्रवाहाच्या वरच्या अंगाला. "सरळ कोण निघतं, मिस? कॅप्टन झोपलाय का?" किती तिरकं, हे विचारल्यावर त्याने हाताने हवेत कोन दाखवला. मी कोनमापक लावला. मग आम्ही प्रवाहाचा आणि नावेचा वेग धरून कागदावर तो कोन काढला. त्याच्या हाताच्या अगदी जवळचा आला. त्याचा बाप शेजारच्या बेटाच्या फेरीवर कॅप्टन आहे. त्याला साइन-कोसाइन लिहायला आणखी बरेच तास लागले, पण त्या दिवसापासून वर्गात सदिश म्हटलं की कुणी जांभई देत नाही.

हे सगळं ठीक, पण इथे राहणं अवघड गेलं ते वेगळ्याच कारणाने. बेट बघत असतं. मी दुकानातून काय घेतलं, किती वाजता दिवा मालवला, कुणाच्या घरी चहा प्यायले, संध्याकाळपर्यंत सगळ्यांना ठाऊक. एकदा प्रकाशाचं अपवर्तन शिकवतेय, पेन्सिल पाण्याच्या ग्लासात, आणि पहिल्या बाकावरची मुलगी काळजीने विचारते, "मिस, काल तीन पपया घेतल्या. पोट बरं आहे ना?" गावातही लोक बघतात, पण गावात वावर असतं. कंटाळा आला तर बांधावर जाऊन बसता येतं, दोन किलोमीटर कुणी नाही. इथे धक्क्यावर एकटं बसलं की दहा मिनिटांत कुणीतरी बाजूला येऊन बसतं आणि सुपारी पुढे करतं. बारीक कातरलेली सुपारी, लवंग, विड्याचं पान. मला पान आवडतं. पण एकटीने रडायला काही जागा पाहिजे की नको?

सुरुवातीचे महिने मी याच्यावर धुमसत होते. फोनवर ह्यांना सांगायचे, "तुरुंग आहे हो नुसता." ते म्हणायचे, "तिथं किती वाजले?" आमच्यापेक्षा अर्धाच तास मागे आहे हे त्यांना आजवर पटलेलं नाही. परदेश म्हटल्यावर निदान चार तासांचा तरी फरक असावा, अशी त्यांची अपेक्षा.

मग पावसाळ्यात मला ताप आला. सणसणून. रात्री उठून पॅरासिटामॉल घेतली, सकाळी उठताच येईना. फोन चार्जिंगला लावायचा राहिला म्हणून बंद. साडेसहाला दारावर थाप. दत्ता. मागे तिची सून, हातात झाकलेलं भांडं. मी विचारलं, कुणी सांगितलं? दत्ता म्हणाली, "आज सीटी नहीं बजी."

रोज सहाच्या सुमारास माझ्या कुकरच्या तीन शिट्ट्या होतात. त्या शिट्ट्यांवर शेजारच्या तीन घरांत पोरांना उठवतात, हे मला तेव्हा कळलं. त्या दिवशी शिट्टी झाली नाही आणि तीन घरांत चर्चा झाली. भांड्यात गरुधिया होती: टूनाचं पातळ स्वच्छ पाणी, मीठ, वर लिंबू आणि मिरची, बरोबर भात. मी उठून बसेपर्यंत आरोग्य केंद्रातली नर्स येऊन रक्त घेऊन गेली, डेंग्यू नाही म्हणून सांगून गेली. शाळेत माझे तास दुसऱ्या सरांनी वाटून घेतले होते, मी रजेचा फोनही केला नव्हता. संध्याकाळी माझ्या दाराबाहेर पपई, नीरफणसाचे तळलेले काप, शहाळी, असा ढीग. तापात मला त्यातलं काही गेलं नाही. पपई तर नकोच.

त्यानंतर त्यांचं बघणं कमी झालं नाही, माझं धुमसणं कमी झालं. अजूनही कधीकधी वैताग येतो. पण आता मीही बघते. समोरच्या म्हातारबाबांनी दोन दिवस होलुआशीत, म्हणजे धक्क्याजवळच्या त्या मांडवात, येऊन बसणं चुकवलं तर मी दत्ताला विचारते. अलीकडे तर बोटीवरून कुणाकडे नवं वॉशिंग मशीन उतरलं ते मी दत्ताच्या आधी सांगते, आणि तिला त्याचा राग येतो.

त्या म्हातारबाबांचं आणि माझ्या सासऱ्यांचं छान जमेल. दोघं नक्षत्रांवर चालतात. इथे जुन्या लोकांचं वर्ष सत्तावीस नक्षत्रांत वाटलेलं असतं, एकेक तेरा-चौदा दिवसांचं: अस्सिदा, बुरुनु, केति, रोनु, मियहेलि, अदा. वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी पंचांग आहे त्यांनी ओळखलं असेल. मासेमारी, होड्या, लागवड, सगळं त्यावर. मियहेलि जूनच्या सुरुवातीला लागतं. मी सासऱ्यांना फोनवर सांगितलं, इथे मृग लागला. ते म्हणाले, "चार दिवस आधीच? वाहन कोणतं?" म्हातारबाबांना मी वाहन विचारलं. त्यांनी बराच वेळ विचार करून सांगितलं, "होडी."

गणपतीचं बरेच जण विचारतात. इथे पूजेची मूर्ती आणायला कायद्याने बंदी आहे, दुसऱ्या धर्माचं जाहीर काही करता येत नाही. हे येण्याआधी माहीत होतं, सही करून आले, तेव्हा तक्रारीला जागा नाही. घरची आरती मी व्हिडिओ कॉलवर बघते, दार लोटून, आवाज बारीक करून. पोरगा पुण्याहून, मी इथून, हे आणि सासूबाई आटपाडीत. मोदक मात्र करते. आमच्याकडचे कणकेचे, तळणीचे. नारळाला इथे तोटा नाही. बसायच्या पाटाला खोवणी जोडलेली असते, त्यावर दत्ता पाच मिनिटांत नारळ संपवते. गूळ नव्हता तेव्हा तिने दिया-हकुरू काढून दिलं, माडाच्या रसाचा आटवलेला घट्ट पाक. त्यात खोबरं परतलं की जे होतं ते आपलं सारणच, जरा धुरकट वासाचं. तेच सारण ही माणसं धिरड्यात गुंडाळून खातात. दत्ताने मोदक उचलून फिरवून पाहिला, कळ्या मोजल्या आणि म्हणाली, इतकी मेहनत कशाला, गुंडाळून टाकायचं. सासूबाईंना हे सांगितलं तर त्या मला दारात उभं करणार नाहीत.

२०२४ च्या जानेवारीत दोन देशांत वाजलं. इथल्या उपमंत्र्यांनी आपल्या पंतप्रधानांबद्दल काहीबाही लिहिलं, त्यांना निलंबित केलं गेलं, आपल्याकडे मालदीववर बहिष्काराची लाट आली. आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज मला परत बोलावणारे संदेश. चुलत दिरांनी तर "स्वाभिमान" असा एकच शब्द पाठवला. मी विचारलं, स्वाभिमानाने कॉलेजची फी भरते का? ग्रुप शांत झाला. इथे त्या आठवड्यात पालक शाळेत आले ते एकच विचारायला: मिस, परीक्षा होईपर्यंत तुम्ही जाणार नाही ना? देशांच्या भांडणात दहावीचा वर्ग कुणालाच परवडत नाही.

पैशांचं थोडक्यात. पगार रुफियात मिळतो. डॉलरचा अधिकृत भाव १५.४२ रुफियांना बांधलेला, पण त्या भावाने डॉलर मिळतात कुठे? बँकेतून दरमहा ठरावीकच रक्कम घरी पाठवता येते आणि ती मर्यादा मध्येच खाली येते. बाहेरच्या भावाने घ्यावेत तर पगाराचा मोठा तुकडा त्यातच जातो. इकडे यायच्या विचारात असलेल्यांनी पगाराच्या आकड्यावर जाऊ नये, घरी किती पोचतं ते इथे असलेल्या कुणाला तरी विचारावं. तरीही आटपाडीत हातात पडायचं त्याच्या कैक पट आहे, आणि महिन्याच्या महिन्याला येतं. हे वाक्य लिहिताना मला अजून बरं वाटतं.

करार पुढे वाढवलाय. पोरग्याचं शेवटचं वर्ष आहे. दिवाळीत आमचे हे इकडे येणार म्हणतात, पण डाळिंबाची छाटणी, पाण्याच्या पाळ्या आणि पासपोर्टचा फोटो यांतलं काय आडवं येईल सांगता येत नाही. दत्ताने त्यांच्यासाठी अंगणातला उंधोली, म्हणजे झोपाळा, नव्याने बांधून घेतलाय आणि "दामाद जी कब आएँगे" म्हणून रोज विचारते.

आणि पुढच्या टर्मला गणितासाठी नांदेडच्या एक बाई येतायत! खोली माझ्या शेजारचीच. काल त्यांचा मेसेज आला: "ताई, कुकर आणू का?" मी लिहिलं, कुकर इथे मिळतो. त्याची रिंग मिळत नाही. चार आणा.